बिनलोण्याची पोवितित्सा

"काकू, उचलू नका ते! हात काळे होतील, आणि मग आठवडाभर कुठल्याही साबणाला दाद देणार नाहीत."

"अगंबाई! मला वाटलं लिंबू पडलंय. हिरवंगार, गोल. म्हटलं तुझं असेल तर कुंपणावरून देते."

"लिंबू कुठलं काकू, अक्रोड आहे तो. काळा अक्रोड, अस्सल कॅन्ससचा. झाड मागच्या आजीबाईंचं, फांद्या आमच्या आवारात आणि फळं तुमच्या वाफ्यात."

"तरीच! सुनेचे टोमॅटो यंदा माना टाकून बसलेत. मी रोज तिला ऐकवतेय, पाणी कमी पडतंय म्हणून."

"पाण्याचा काही संबंध नाही. या झाडाच्या मुळांतून, पाल्यातून जुग्लोन नावाचं द्रव्य मातीत उतरतं. टोमॅटोला ते विष. वाफा त्या टोकाला हलवा, आणि सुनेशी दोन शब्द गोड बोला."

"बोलेन गं. पण आधी मला सांग, काल रात्री तुझ्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं? दहा वाजेपर्यंत दिवा, टेबलावर चादर, आणि तुम्ही तिघी तिच्याभोवती गोल गोल फिरताय. मी काही मुद्दाम नाही बघितलं हो. भांडी विसळताना दिसलं."

"दिसणारच. आमची खिडकी आणि तुमचं सिंक समोरासमोर आहे. पोवितित्सा करत होतो."

"काय करत होतात?"

"पोवितित्सा. क्रोएशियाच्या लोकांचा अक्रोडाचा गोड पाव. झाग्रेबच्या बाजूला ओरेह्न्याचा म्हणतात, आजीबाईंच्या माणसांत पोवितित्सा. यीस्ट घालून मळलेलं मऊ पीठ, त्याची पातळच्या पातळ पोळी, वर दळलेल्या अक्रोडाचं गोड सारण, मग घट्ट गुंडाळी करून भाजायची. नाताळ, ईस्टर, लग्न, काहीही असो, ती टेबलावर नसली तर पाहुणे एकमेकांकडे बघतात."

"आणि त्यात हे झाडाखालचेच अक्रोड?"

"छे, हा फोडायला हातोडा लागतो आणि वासही उग्र. पोवितित्सात जातो तो तुमच्या-माझ्या ओळखीचा, काश्मीरहून आपल्याकडे येतो त्याच जातीचा. इथे कॅलिफोर्नियाचा मिळतो."

"बरं, पण आजीबाईंचं स्वतःचं एवढं मोठं स्वयंपाकघर असताना तुझ्याकडे कशाला?"

"तिथेच तर खरी मेख आहे. हळू बोला, त्यांची नणंद मागच्या पडवीत बसली असेल. त्या आल्यात महिनाभर राहायला, नातीच्या लग्नासाठी."

"ती लाल स्वेटरवाली? काल मला बघून मान वळवली तिनं."

"त्याच. नात कॉलेजात असल्यापासून व्हेगन झालीय. मांस-मासळी नाही, अंडं नाही, दूध-दही-लोणी नाही, मधसुद्धा नाही. तिनं जाहीर केलं, माझ्या लग्नातली पोवितित्सा मला खाता येईल अशी हवी. झालं! नणंदबाई म्हणाल्या, लोणी नाही तर ती पोवितित्सा नाही, आणि अंड्याशिवायचं पीठ माझ्या भावाच्या घरात मळलं जाणार नाही. आजीबाई बिचाऱ्या मधल्या मध्ये. शेवटी नात माझ्याकडे आली. तुमच्याकडे अंडं नसतंच ना, मग तुम्हाला माहीत असेल म्हणाली. आमच्या सासूबाई माळकरी, त्यामुळे बिनअंड्याच्या केकमध्ये माझी हयात गेलीय."

"अंड्याचं मला पटलं. पण दुधानं काय घोडं मारलंय? अगं, निर्व्यसनी गाय ती!"

"काकू, तिच्यासमोर नका विचारू. तिच्याकडे याचं पाऊण तासाचं उत्तर आहे. मी ऐकलंय ते, पीठ फुगेपर्यंत पुरलं."

"आणि घरचे बरे ऐकतात! हे लोक तर मांसाहारी ना पक्के?"

"पक्के म्हणजे काय, त्यांचं अमेरिकेतलं बस्तानच त्यावर बसलं. आजीबाईंचे आजोबा गोर्स्की कोतारच्या डोंगरातून आले, तेव्हा क्रोएशिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होता. कॅन्सस सिटीत तेव्हा आर्मर, स्विफ्ट, कडाही अशा मोठमोठ्या मांस कंपन्यांचे कारखाने. रेल्वेनं गुरं यायची, इथे कापली जायची आणि डब्यांतून देशभर जायची. क्रोएशियन माणसं त्या कामाला लागली. राहायची नदीकाठच्या सखल वस्तीत. 1903 साली कॉ नदीला असा पूर आला की वस्ती धुऊन गेली. मग ही मंडळी वर टेकडीवर सरकली, ती स्ट्रॉबेरी हिल. सेंट जॉनचं चर्च, भोवती दाटीवाटीची घरं, आणि शनिवारी गल्लीभर अक्रोड भाजल्याचा वास, असं आजीबाई सांगतात. पुढे 1950च्या दशकात महामार्ग काढला, तेव्हा टेकडीचा लचकाच तोडला. कितीतरी घरं गेली. मग कुणी या उपनगरात, कुणी त्या."

"म्हणजे खापरपणजोबांनी जन्मभर गुरं कापली आणि ही दुधाच्या थेंबाला शिवत नाही. फिटलं म्हणायचं!"

"अगदी हेच आजीबाई म्हणाल्या, फक्त त्यांनी क्रॉस केला. आणि गंमत पुढेच आहे. पिठात साखर घालायला गेले तर नात म्हणते, थांबा, ही कुठली साखर? अहो, इथल्या काही कारखान्यांत उसाची साखर पांढरी करायला हाडांच्या कोळशातून गाळतात. गुरांची हाडं जाळून केलेला कोळसा."

"शी! काय सांगतेस! मी रोज चहात घालते ना गं ती!"

"साखरेत हाड येत नाही काकू, नुसती गाळणी असते ती. पण व्हेगन मंडळींना तेही चालत नाही. बीटाच्या साखरेला तो कोळसा लागत नाही, आणि सेंद्रिय म्हणून विकतात तिलाही नाही. मुलगी घरूनच पिशवी घेऊन आली होती."

"मला त्या पिशवीवरचं नाव लिहून दे. सूनबाईला आत्ताच पाठवते. बरं, लोण्याच्या जागी काय घातलंत?"

"आधी त्या पोरीनं एकटीनं करून बघितलं होतं, खोबरेल घालून."

"खोबरेल केसांना लावायचं!"

"चवीला वाईट नाही हो. पण ते चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं. त्यांच्या घरात गारवा, पीठ ताणायला घेतलं की फाटायचं. ठिगळं लावून लावून तिला रडू फुटलं. म्हणून आम्ही सूर्यफुलाचं साधं तेल घेतलं. ते गारठ्यातही पातळच राहतं, पीठ ढिलं आणि लवचीक होतं. अर्धा किलो मैद्याला 80 मिली तेल, 80 ग्रॅम साखर, पाव लिटर कोमट सोयादूध, कोरड्या यीस्टची 7 ग्रॅमची पुडी, मीठ, लिंबाची किसलेली साल आणि एक चमचा रम."

"रम!"

"वासाला. भट्टीत उडून जाते."

"सगळी नाही जात. आमच्या बंगल्यासमोरचा बेकरीवाला सांगायचा. जाऊ दे, तू पुढे सांग. सोयाचंच दूध का? बदामाचं श्रीमंती वाटलं असतं."

"बदामाचं म्हणजे पाणीच जास्त. सोयाच्या दुधात प्रथिनं भरपूर, त्यामुळे वरचा रंग छान येतो. शिवाय पिवळ्या बलकात जे लेसिथिन असतं ना, तेल आणि पाणी एकजीव करणारं, ते सोयातही असतं. म्हणजे बलक गेला तरी त्याचं निम्मं काम झालं. राहिला रंग. आजीबाईंना पोवितित्सा पिवळसरच हवी. मी गुपचूप डब्यातून हळद काढली. अगदी चिमटीत मावेल एवढी. आजीबाई बघतच राहिल्या."

"फोडणी घालशील की काय असं वाटलं असेल त्यांना."

"आणि पांढऱ्या बलकाचं ऐका. जुन्या पद्धतीत काही बायका अंड्याचा पांढरा भाग फेसून सारणात मिसळतात, सारण हलकं होतं आणि पोळीला चिकटतं. त्याजागी नातीनं काय काढलं असेल? काबुली चण्याच्या डब्यातलं पाणी!"

"जे आपण ओतून देतो ते?"

"तेच. 2014 साली फ्रान्समधल्या ज्योएल रोसेल नावाच्या गायकाला सापडलं की ते पाणी फेसलं की अंड्यासारखं फुगतं. मी म्हटलं, मुली, माझ्या घरी छोले रोजचेच, डबा कशाला फोडतेस. पण कुकरमधलं पाणी पातळ पडतं, ते आधी आटवून घ्यावं लागतं. आटवलं, गार केलं, फेसलं, पांढराशुभ्र फेस आला. आजीबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, चण्याचा वास येतोय. आला असेल. अक्रोड, दालचिनी आणि लिंबाच्या सालीपुढे तो उरला नाही एवढं खरं."

"तुझ्यापेक्षा तीच पोरगी हुशार दिसतेय."

"ती हुशार, पण खरी उस्ताद आजीबाई. सारण त्यांनी कुणाला करू दिलं नाही. 400 ग्रॅम अक्रोड आधी मंद भाजले, गार केले, मग हातानं फिरवायच्या यंत्रातून बारीक काढले. मिक्सरला हात लावू देईनात, त्यात अक्रोडाला तेल सुटतं म्हणे, आणि खरंच सुटतं. त्यात साखर, मग कडकडीत तापलेलं सोयादूध थोडं थोडं. अक्रोड ते दूध पितो आणि फुगतो. सगळं एकदम ओतलं तर सारण सैल होतं, आणि सैल सारण भट्टीत वाफ सोडतं. मग कापताना पोळी एकीकडे, सारण दुसरीकडे आणि मधे भोकं. त्यांच्यात असल्या भोकांवरून सुनांची लग्नं मोडायची वेळ यायची असं त्या म्हणतात, पण त्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग मी सोडून देते. भोकं पडू नयेत म्हणून भट्टीत ठेवण्याआधी लांब सुईनं टोचायचं, खालपर्यंत. आणि अक्रोड आधी एक खाऊन बघायचा, जुना असला की खवट लागतो. त्यातलं तेल फार लवकर बिघडतं, म्हणून त्या अक्रोड फ्रीझरमध्ये ठेवतात."

"मी डब्यात ठेवते. तरीच परवाचे खवट लागले. आणि ती चादर?"

"अहो, तीच तर मजा. टेबलावर फुलाफुलांची स्वच्छ चादर, त्यावर मैदा भुरभुरवायचा. पीठ लाटण्यानं थोडं पसरवायचं आणि मग लाटणं बाजूला. पिठाखाली दोन्ही हात घालायचे, तळहात खाली, बोटांच्या मागच्या बाजूनं हळूहळू बाहेर ओढायचं. टेबलाभोवती फिरत फिरत. खानदेशातल्या बायका हातावर मांडा वाढवतात ना, तसंच धीराचं काम. आजीबाई ऐंशीच्या, गुडघे दुखतात, पण टेबलाला हात लागला की वय विसरतात. पोळी टेबलाच्या कडेवरून लोंबायला लागली, तरी त्या चष्मा नाकावर ओढून वाकून बघतायत. खालच्या चादरीवरचं निळं फूल, त्याचा देठ, देठाला एक पान. पान स्पष्ट दिसलं तेव्हा म्हणाल्या, आता पुरे. कडेचा जाड काठ कात्रीनं कापून टाकला."

"मग तुम्ही गोल फिरत होतात ते यासाठी. मला वाटलं तुम्ही भोंडला खेळताय!"

"खेळलो असतो, पण नातीला गाणं येत नव्हतं. मग पोळीवर जर्दाळूच्या जॅमचा अगदी पातळ हात फिरवला, वर सारण. ते हातानं पसरायचं, चमच्यानं पोळी फाटते. गुंडाळायला हात लावायचाच नाही. चादरीचं एक टोक दोन्ही हातांनी उचलायचं, की गुंडाळी आपोआप पुढे लोळत जाते. लांबलचक गुंडाळी दुमडून पावाच्या साच्यात बसवायची. मग तासभर फुगू द्यायची आणि 350वर पन्नासएक मिनिटं भाजायची."

"350 म्हणजे जळून कोळसा!"

"फॅरनहाइट हो काकू. आपल्याकडचे 180 धरा. वरून अंड्याऐवजी सोयादुधात थोडा मेपलचा पाक मिसळून ब्रशनं लावला."

"आणि हे सगळं आजीबाईंना पटलं? नणंद तिकडे एवढी फणकारतेय, तरी?"

"मलाही तेच कोडं होतं. विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, आमच्या लहानपणी गल्लीत एक सर्बियन कुटुंब होतं. त्यांचा ऑर्थोडॉक्स पंथ. नाताळाआधी चाळीस दिवस उपास, मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. पण गोड खाल्ल्याशिवाय कोण राहतंय? ती बाई तेलात आणि सोड्याच्या पाण्यात पीठ मळायची आणि अक्रोड भरून अशीच गुंडाळी करायची. आम्ही पोरं आमच्या घरची लोण्याची टाकून तिच्याकडे पळायचो, कारण नाताळ येईपर्यंत आमच्या आईची कुलपात असायची."

"म्हणजे उपासाचा पदार्थ झाला की हा! मग त्या पोरीचं नवल ते काय? आपणही उपासाच्या नावाखाली काय काय खातो."

"मी हेच म्हटलं. पण आजीबाई म्हणतात, हे नणंदेला सांगू नकोस, सर्बियन म्हटलं की ती जेवणावरून उठेल. स्लोव्हेनियन म्हटलं तरी उठते. त्यावरून तर मोठं रामायण आहे. स्लोव्हेनियात याच जातीचा पाव असतो, पोतित्सा. 2017 साली ट्रम्प व्हॅटिकनला गेले होते ना, पोप फ्रान्सिसना भेटायला? तेव्हा पोपनी मेलानियाबाईंना हसत हसत विचारलं, नवऱ्याला खायला काय घालतेस, पोतित्सा का? बाई स्लोव्हेनियाच्या ना."

"पोपनी? असं विचारलं? सगळ्यांसमोर?"

"कॅमेऱ्यासमोर. आणि निम्म्या जगाला ऐकू आलं पिझ्झा. दोन दिवस त्यावर बातम्या. नणंदबाई तेव्हापासून धुमसतायत, पोपला आमची पोवितित्सा का नाही आठवली म्हणून. त्यात 2021 साली युरोपीय संघानं स्लोव्हेनियन पोतित्साची पारंपरिक पदार्थ म्हणून रीतसर नोंद केली. म्हणजे आता त्या नावानं विकायची असेल तर ठरलेल्या कृतीनंच करायला हवी. नणंदबाईंच्या मते हा उघड उघड दरोडा आहे. क्रोएशियावाले, स्लोव्हेनियावाले, हंगेरीवाले, इटलीच्या सीमेवरचे, सगळेच अक्रोड गुंडाळतात आणि सगळ्यांना वाटतं बाकीच्यांनी आपलं चोरलं."

"आमच्याकडे बाकरवडीवरून नाही का होत. बरं, मुद्द्याचं बोल. झाली कशी?"

"गरम कापायची नाही असा नियम. गरम कापली की सारण सुरीला चिकटतं, चक्रं पुसली जातात. रात्रभर फडक्यात गुंडाळून ठेवली आणि सकाळी कापली. बारीक बारीक चक्रं, एकात एक. आजीबाईंनी मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली, म्हणजे समजा. मऊ होती. लोण्याचा तो एक भरलेला वास असतो ना, तो नव्हता, मी खोटं कशाला बोलू. पण अक्रोडाची चव जास्त मोकळी लागली. लोणी असलं की ते थोडं पुढे पुढे करतं."

"आणि नणंद? तिला दिली की नाही?"

"आजीबाईंनी काही न सांगता चहाबरोबर बशीत ठेवली. माझा तर श्वास अडकला. बाईंनी तुकडा उचलला, उजेडात धरला, हुंगला आणि लगेच म्हणाल्या, यात लोणी नाही."

"ओळखलं मेलीनं!"

"ओळखणारच, सत्तर वर्षांचं नाक आहे ते. नात पुढे सरसावली, भांडायच्या तयारीत. पण बाईंनी खाल्ली. सगळी. बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, लोण्याचं सोड, पीठ जाड ओढलंय. कोपऱ्यात बघ, दोन पदर तर पावासारखे लागतायत. हे कुणी ओढलं?"

"कुणी ओढलं होतं?"

"तो कोपरा नातीचा होता. पण आजीबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं."

"अगं पण हे तर भलतंच! एवढा महिनाभर लोण्यावरून धिंगाणा, आणि शेवटी जाडीवरून बोलली?"

"लोण्यावर त्यानंतर चकार शब्द नाही. बाईंचं एकच पालुपद, या जाडीची पोवितित्सा लग्नात गेली तर टेकडीवरची माणसं काय म्हणतील. आता येत्या शनिवारी त्या स्वतः येणार आहेत माझ्याकडे, आम्हाला पीठ ओढायला शिकवायला. तेल, सोयादूध, चण्याचं पाणी, सगळं चालणार आहे. फक्त चादर त्या त्यांची आणणार, आमच्या चादरीवरची फुलं फार मोठी आहेत म्हणे, जाड पिठातूनही दिसतात."

"बघ, हे बरोबर बोलली ती! मी येऊ का गं शनिवारी? मला खुर्चीत बसवलंस तरी चालेल."

"या की. पण बसायला नाही मिळणार, एक कोपरा तुम्हाला धरावा लागेल. नखं कापून या. आणि अंगठ्या काढून. काल माझ्या अंगठीचा खडा अडकला असता तर हातभर चीर गेली असती, आजीबाईंनी आधीच काढायला लावली म्हणून बरं."

"अंगठी काढीन. पण पाटल्या?"

"पाटल्याही."

"पाटल्या नाहीत निघत आता, बावीस सालापासून रुतल्यात. साबण लावूनसुद्धा बघितलं. तू असं कर, त्या बाईला सांग, आमच्या काकू अक्रोड दळतील."